टॅरो रीडिंग 'लागलं' असं आतून वाटतं, तेव्हा नेमकं काय होत असतं?

ऑनलाइन टॅरो रीडिंग, म्हणजे चित्रांचे पत्ते काढून मनातलं किंवा पुढचं सांगणं, ऐकता ऐकता एखादं वाक्य येतं आणि अंगावर काटा उभा राहतो. 'अगं, ही तर माझंच सगळं सांगतेय!' व्हिडिओ मागे नेऊन ते वाक्य पुन्हा ऐकलं जातं, मैत्रिणीला पाठवलं जातं. मग मनात येतं, हे रीडिंग बरोबर आहे की नाही ते आपल्याला आतून कळू शकतं का? टॅरोच्या जगात याचं ठरलेलं उत्तर आहे: 'जे रिझोनेट होईल ते घ्या, बाकीचं सोडून द्या.' म्हणजे मनाला भिडेल ते आपलं; निवाडा तुमच्या मनावर सोपवलेला.

सल्ला समजूतदार वाटतो, पण त्यात एक मोठी गफलत आहे. आतून येणारी ती जाणीव खोटी नसते. ती कशाची खबर देते, हे ओळखण्यात आपण चुकतो. 'या वाक्याने माझ्या मनातल्या काळजीला हात घातला' एवढंच ती सांगते. हे वाक्य पत्त्यांवरून माझ्यासाठीच निघालं का, किंवा पुढे तसंच घडेल का, हे कळायला तिच्याकडे काही साधनच नाही. या दोन गोष्टींची गल्लत होते म्हणून शहाणीसुरती माणसं एका रीडिंगवर नोकरी सोडायला निघतात, किंवा संपलेल्या नात्यात वर्षभर वाट पाहत बसतात. त्यांची कुणी टिंगल करावी असं मला मुळीच वाटत नाही. काय घडतं ते उलगडून पाहावं, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी पत्त्यांबद्दल थोडं. टॅरोच्या संचात 78 पत्ते असतात. 22 मेजर अर्कानाचे, म्हणजे द फूल, द टॉवर, डेथ, द सन वगैरे मोठी चित्रं. उरलेले 56 मायनर अर्कानाचे. वॉन्ड्स, कप्स, स्वोर्ड्स आणि पेंटॅकल्स या चार रंगांत प्रत्येकी 14. हे पत्ते 15व्या शतकात उत्तर इटलीत, मिलान आणि फेरारा इथल्या दरबारी वर्तुळांत तयार झाले, आणि तयार झाले ते खेळण्यासाठी. तीनशेहून जास्त वर्षं त्यांचा मुख्य उपयोग डाव मांडण्याचाच होता. भविष्याशी त्यांची सांगड पक्की झाली ती 18व्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्रान्समध्ये. 1781मध्ये कूर द जेबलँ या लेखकाने हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे असं लिहिलं. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडली 1822मध्ये, शांपोलियोंने. पण कल्पना रुजली ती रुजलीच. जेबलँच्या लिखाणानंतर चारच वर्षांत एतेया या नावाने लिहिणाऱ्या पॅरिसच्या गृहस्थाने टॅरोवरून भविष्य कसं सांगावं याचं पुस्तक काढलं.

आज आपल्याकडे यूट्यूबवर दिसणारे बहुतेक पत्ते मात्र 1909 सालच्या लंडनचे. आर्थर एडवर्ड वेट यांनी योजना केली आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने चित्रं काढली. तिने केलेली एक गोष्ट आपल्या विषयासाठी फार महत्त्वाची आहे. आधीच्या बहुतेक संचांत मायनर अर्कानाच्या पत्त्यांवर नुसती चिन्हं असत, सहा तलवारी म्हणजे सहाच तलवारी, आपल्या चौकटच्या छक्कीसारख्या. पामेलाने जवळपास प्रत्येक पत्त्यावर माणसं आणली, प्रसंग आणला. तिथून पुढे पत्ता गोष्ट सांगू लागला.

सिक्स ऑफ स्वोर्ड्स घ्या. एक नाव. नावाडी उभा राहून वल्ह्याच्या काठीने ती ढकलतोय, त्याची पाठ आपल्याकडे. पुढे अंगभर वस्त्र लपेटून वाकून बसलेली एक बाई, शेजारी लहान मूल. नावेत सहा तलवारी उभ्या रोवलेल्या. एका बाजूला पाण्यावर लाटा, दुसऱ्या बाजूला पाणी शांत. कुणाचाच चेहरा दिसत नाही. आता हा पत्ता जर्मनीच्या व्हिसाची वाट पाहणाऱ्या इंजिनियरला दाखवा, तो म्हणेल माझं जाणं ठरलं. माहेरी परत आलेल्या बाईला दाखवा, तिला ती नाव स्वतःची वाटेल. आई गेल्याला दोन महिने झालेल्या मुलीला त्यात आईची शेवटची वाट दिसेल. आणि भाड्याचं घर बदलणाऱ्याला आपलं सामान. चौघांनाही तो पत्ता अगदी बरोबर 'लागेल', आणि चौघांपैकी कुणीही खोटं बोलत नसेल. चित्रात चेहरे नाहीत, म्हणूनच त्यात आपला चेहरा बसतो. मला ही पामेलाची कमाल वाटते. शंभराहून जास्त वर्षं झाली तरी तिची चित्रं माणसांना बोलतं करतात. पण बोलतो तो पाहणारा.

चित्राचं झालं तेच शब्दांचंही होतं. हा नमुना मीच इथे तयार केलाय, पण असं काही तुम्ही नक्की ऐकलं असेल:

'गेले काही दिवस तुमच्या मनात एकच गोष्ट घोळतेय. बाहेरून तुम्ही खंबीर दिसता, सगळ्यांचं सगळं करता, पण आतून दमला आहात. जवळच्या एका माणसाने तुमची कदर केली नाही. तुम्ही लोकांवर पटकन विश्वास टाकता, आणि तरी आपलं खरं दुःख मोजक्यांनाच सांगता. एखादं अक्षर येतंय, स किंवा र, कदाचित प. येत्या काळात एक बातमी आहे.'

एकेक वाक्य हातात घेऊन पाहा. मनात एकच गोष्ट घोळत नसेल तर माणूस रीडिंग लावेलच कशाला? खंबीर दिसतो आणि आतून दमलेला असतो, हे घर चालवणाऱ्या कुणालाही विचारा. विश्वास टाकता आणि टाकतही नाही: दोन्ही टोकं बोलून झाली, आता कुठल्यातरी एका टोकाला तुम्ही सापडणारच. सुनीता, संदीप, रोहन, राजश्री, प्रिया, प्रशांत या नावांपैकी एखादं ज्याच्या आयुष्यात नाही असा मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. आणि अक्षर माणसाचंच असलं पाहिजे असंही सांगितलेलं नाही, ते गावाचं असेल, कंपनीचं असेल. बातमी चांगली की वाईट, कधी येणार, कुणाकडून, हेही मोकळंच ठेवलंय. सबंध परिच्छेदात चुकू शकेल असं एकही वाक्य नाही. जे चुकू शकत नाही ते बरोबर येण्यालाही काही किंमत नसते, हे एकदा पकडता आलं की रीडिंग ऐकण्याचा कान बदलतो.

मानसशास्त्रात याचा गाजलेला प्रयोग 1948चा. बर्ट्रम फोरर या अमेरिकन प्राध्यापकाने आपल्या 39 विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाच्या हाती त्याचं 'स्वतःचं' वर्णन दिलं. वर्णन किती जुळतं याला शून्य ते पाच गुण द्यायचे होते. सरासरी आली 4.26. मग त्याने सांगितलं की सगळ्यांना एकच मजकूर दिलाय, आणि त्यातली वाक्यं बहुतांशी पेपरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललीत. आता त्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. 'हे माझंच आहे' ही जाणीव त्याला अगदी मनापासून झाली होती. तुमच्या-माझ्या जाणिवेसारखीच. पण वर्गातल्या प्रत्येकाला तीच झाली होती, आणि ते कळायला शेजाऱ्याच्या कागदात डोकवावं लागणार होतं. एकट्याने, आपल्या खोलीत, कानात हेडफोन घालून रीडिंग ऐकताना शेजाऱ्याचा कागद कधीच दिसत नाही.

ऑनलाइनमध्ये यावर आणखी थर चढतात. 'पिक अ कार्ड' व्हिडिओचं (पत्त्यांचा एक गठ्ठा पाहणाऱ्याने निवडायचा आणि त्याचं रीडिंग ऐकायचं) शीर्षकच बघा: 'तो सध्या तुमच्याबद्दल काय विचार करतोय?' यावर बोट कोण ठेवणार? जिच्या आयुष्यात एक 'तो' आहे, जो सध्या बोलत नाहीये, आणि जी वाट पाहतेय ती. रीडरने, म्हणजे पत्ते वाचणारीने, पहिला पत्ता उलटायच्या आधीच पाहणारीची निम्मी कहाणी तिला माहीत झालेली असते, कारण शीर्षकाने बाकीच्यांना दारातूनच परत पाठवलेलं असतं. तुम्ही असा एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलात की यूट्यूब तसलेच आणखी पुढे आणतं. मग 'हा व्हिडिओ तुमच्यासमोर आलाय तो योगायोग नाही' हे वाक्य एका अर्थाने खरंच असतं. फक्त तो आणणारा अल्गोरिदम असतो. ज्यांना काही जुळत नाही ते दोन मिनिटांत निघून जातात. खाली लिहायला थांबतात ते जुळलेले. तिथे शेकडो 'अगदी माझंच!' वाचून आपल्याही मनाची खात्री वाढते.

बऱ्याच अ‍ॅपचं काम त्याहून साधं. बटण दाबलं की संगणक एक आकडा काढतो, त्या आकड्याचा पत्ता आणि त्या पत्त्याखाली आधीच लिहून ठेवलेला मजकूर समोर येतो. इथे तुमची 'एनर्जी' वाचणारं कुणीच नसतं. तरीही अ‍ॅपचं रीडिंग लोकांना तितकंच लागतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

रोज पत्ते काढणाऱ्यांना आणखी एक अनुभव येतो: एकच पत्ता पुन्हा पुन्हा निघतो, जणू पाठच सोडत नाही. त्यामागे काही खूण असणार असं आतून ठामपणे वाटतं. गणित करून पाहू. रोज नीट पिसून तीन पत्ते काढले, तर सात दिवसांत कुठला ना कुठला पत्ता दोनदा निघण्याची शक्यता सुमारे 93 टक्के आहे. म्हणजे आठवडाभरात एकही पत्ता पुन्हा आला नाही, तर खरं नवल करायला हवं. शक्यतांच्या बाबतीत आपलं मन जात्याच कच्चं असतं. बोलाफुलाला गाठ पडली की त्याला त्यात हेतू दिसतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर पैसे भरून घेतलेल्या वैयक्तिक रीडिंगमध्ये तर समोर माणूसच असतो, आणि माणसाला खूप काही कळतं. तुमचा फोटो, डीपी, स्टेटस, आडनाव, जन्मसाल, आवाजातला ओलावा, आणि सगळ्यात मोठं म्हणजे तुमचा प्रश्न. एकोणतीस वर्षांच्या मुलीने 'माझं लग्न कधी होईल' विचारलं की घरचं वातावरण वेगळं सांगावं लागत नाही. पुढचं संभाषणात घडतं. रीडर विचारते, 'यात कुणी वयाने मोठी बाई दिसतेय, तुमच्या जवळची?' आपण म्हणतो, 'हो, सासूबाई.' ती म्हणते, 'बरोबर, त्यांचीच एनर्जी अडतेय.' आठवड्याने हेच मैत्रिणीला सांगताना आपल्या तोंडून येतं, 'तिने पत्ता बघून थेट सासूबाईंचं नाव घेतलं!' नाव आपण घेतलं होतं. ते आपल्याला खरोखरच आठवत नाही.

यात रीडर लबाड असते असं समजण्याचं कारण नाही. रे हायमन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विद्यार्थिदशेत हात पाहून पैसे मिळवत, आणि लोक इतके खूश होत की त्यांचा स्वतःचाही हस्तरेषांवर विश्वास बसला होता. एका जादूगार मित्राने सुचवलं, एकदा रेषा सांगतात त्याच्या नेमकं उलट सांगून बघ. हायमननी तसं केलं. लोकांना तेही तितकंच पटलं. ब्रिटनच्या सुझन ब्लॅकमोर यांची कहाणी टॅरोचीच. त्या स्वतः पत्ते वाचायच्या, मनापासून मानायच्या, आणि समोर बसून केलेली त्यांची रीडिंग लोकांना अचूक वाटायची. मग त्यांनी रीतसर चाचणी घेतली: समोरासमोर न बसता केलेली रीडिंग एकत्र करायची आणि त्यातून आपलं कुठलं ते ज्याचं त्याने ओळखायचं. नीट काळजी घेऊन मोजलं तेव्हा योगायोगाने जमेल त्याहून जास्त काही निघालं नाही. या दोघांचा मला फार आदर वाटतो. लोक कौतुक करत असताना आपलीच विद्या तपासायला धाडस लागतं.

आता मुख्य प्रश्न. आतला आवाज, सिक्स्थ सेन्स, इंट्यूशन, काही म्हणा. त्यावर भरवसा कधी ठेवावा?

याचं माझ्या मते सर्वात उपयोगी उत्तर 2009 सालच्या एका संशोधन लेखात आहे. डॅनियल कानेमन हे नोबेल मिळवलेले मानसशास्त्रज्ञ अंतर्ज्ञानाकडे संशयाने बघणारे; गॅरी क्लाईन हे अग्निशमन दलाच्या प्रमुखांच्या, परिचारिकांच्या अंतर्ज्ञानाने भारावलेले. दोघे विरुद्ध टोकांचे. त्यांनी एकत्र बसून आपले मतभेद कुठे मिटतात ते शोधलं. निष्कर्ष असा: ज्या क्षेत्रात गोष्टी काही नियमाने घडतात, आणि जिथे आपला अंदाज बरोबर होता की चूक हे वेळच्या वेळी, पुन्हा पुन्हा कळत जातं, तिथे वर्षानुवर्षांच्या सरावाने आतला आवाज तयार होतो. अनुभवी नर्सला रिपोर्ट यायच्या आधी 'या बाळाचं काहीतरी बिघडतंय' असं वाटतं, ते यामुळे. तिने हजारो बाळं पाहिलीत, आणि प्रत्येक वेळी पुढे काय झालं तेही पाहिलंय. तिच्या मनाला शिकवणी मिळालेली आहे.

रीडिंग ऐकणाऱ्याला ही शिकवणी मिळत नाही. 'जुनं नातं परत येईल' या वाक्याला तारीख नसते, त्यामुळे ते चुकल्याचा दिवसच उगवत नाही. आलं तर बरोबर. नाही आलं तर अजून वेळ आलेली नाही, किंवा तुमची एनर्जी बदलली. दोनशे रीडिंग ऐकली तरी मनाला कधीच कळत नाही की कुठल्या वेळचं 'आतून पटलं' खरं ठरलं आणि कुठल्या वेळचं फोल. शिक्षकाने एकदाही वही न तपासता शंभर गणितं सोडवून घ्यावीत, तसं हे. हात वळतो, आत्मविश्वास वाढतो, गणित येत नाही. म्हणून 'मी खूप इंट्यूटिव्ह आहे, मला लगेच कळतं' असं म्हणणाऱ्या व्यक्तीचा अंदाज माणसांबाबत, मुलांबाबत, स्वयंपाकाबाबत खरोखर उत्तम असू शकतो, आणि तीच व्यक्ती भाकिताच्या बाबतीत तुमच्या-माझ्याइतकीच अंधारात असते.

स्मरणशक्तीही मदत करत नाही. 1972मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर जाणार होते. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी दौऱ्याआधी लोकांना विचारलं, अमुक घडेल याची शक्यता तुम्हाला किती वाटते? दौरे झाल्यावर त्यांनाच विचारलं, तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलं होतं ते आठवा. जे प्रत्यक्षात घडलं, त्याला आपण आधी दिली होती त्याहून जास्त शक्यता दिल्याचं लोकांना आठवलं. 'मला तेव्हाच वाटलं होतं' हे वाक्य आपण किती प्रामाणिकपणे आणि किती चुकीचं बोलतो, ते यातून दिसतं. रीडिंगचंही हेच होतं. सहा महिन्यांनी नोकरी बदलली की 'बदल येतोय' हे मोघम वाक्य आठवणीत 'नोकरी बदलेल' होऊन बसतं.

गोव्यात आणि तळकोकणात देवळात कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्याकडे. त्या पद्धतीतली एक शिस्त मात्र इथे कामाची आहे: कशाला हो म्हणायचं आणि कशाला नाही, हे पाकळी पडायच्या आधीच ठरलेलं असतं. ऑनलाइन रीडिंगमध्ये हे उलटं होतं. पत्ता आधी पडतो, वाक्य आधी येतं, आणि त्याचा अर्थ आपण नंतर आपल्या आयुष्याला बेतून घेतो.

तेव्हा रीडिंग तपासायचं असेल तर ते आधी लिहून ठेवा. व्हिडिओ लावायच्या आधी कागदावर: मला कशाबद्दल जाणून घ्यायचंय, आणि काय ऐकलं तर मी 'चुकलं' म्हणेन. हा दुसरा भाग टाळू नका, सगळी मेख त्यातच आहे. रीडिंग संपल्यावर त्यातली भाकितं त्यांच्याच शब्दांत तारखेसह टिपा आणि तीन महिन्यांनी काढून वाचा. भाकीत टिपायला गेल्यावर कळतं की चाळीस मिनिटांत टिपण्यासारखं भाकीत जेमतेम एखाददुसरंच होतं.

याहून चांगली चाचणी मैत्रिणीच्या मदतीने घरी करता येते. 'पिक अ कार्ड'मध्ये तीन गठ्ठे असतात. तुम्ही गठ्ठा निवडा आणि तिला सांगा, पण ऐकू नका. ती तिन्ही गठ्ठ्यांची रीडिंग ऐकून प्रत्येकाचा सारांश लिहील, गठ्ठ्याचा क्रमांक आणि पत्त्यांची नावं गाळून. ते तीन कागद तुम्ही वाचायचे आणि 'हे माझं' असं आतून वाटेल ते उचलायचं. वेगवेगळ्या व्हिडिओंवर सहा वेळा हे करा. नुसत्या नशिबानेही सहापैकी सरासरी दोन वेळा तुमचाच गठ्ठा हाती येईल, त्यामुळे दोन-तीन जुळले तर हुरळून जाऊ नका. चार किंवा त्याहून जास्त जुळणं नशिबाने शंभरात दहादा होतं. पाच किंवा सहा जुळले तर तसं नशिबाने होणं शंभरात दोनदाही नाही. तेव्हा मात्र पुन्हा करून बघावं असं काहीतरी हाती लागलंय. तुमचं अंतर्ज्ञान खरंच अचूक रीडिंग ओळखत असेल, तर इथे ते दिसलंच पाहिजे.

असं तपासणं आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे, पत्रिकेच्या बाबतीत. 2008मध्ये पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार विद्यार्थ्यांच्या 100 आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या 100 कुंडल्या जमवल्या. ज्योतिषांना प्रत्येकी 40 कुंडल्या पाठवल्या आणि कुठली कुणाची एवढंच सांगायला सांगितलं. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघालेली उत्तरं 46 टक्के. नाणं उडवलं असतं तर 50च्या आसपास आली असती. विषय टॅरोचा नसला तरी चाचणीची रचना तीच: उत्तर आधी ठरलेलं, ते वाचणाऱ्याला माहीत नाही, आणि चूक ही चूक म्हणूनच मोजायची.

एवढं सगळं सांगूनही मला टॅरो फेकून द्या असं म्हणायचं नाही. पत्ता उलटला आणि पोटात खड्डा पडला, किंवा नकोसा पत्ता आल्यावर 'परत काढू या' असं वाटलं, तर ती प्रतिक्रिया मोलाची आहे. 'ही नोकरी घेऊ नका' असं रीडिंगमध्ये आलं आणि तुम्हाला हायसं वाटलं, तर नोकरी वाईट आहे हे त्यातून कळत नाही. ती तुम्हाला नको होती हे कळतं. अनेक चांगले रीडर टॅरो याच कामासाठी वापरतात, आणि तसं मोकळेपणाने सांगतातही. अशा वेळी विचारायचं ते 'हे खरं आहे का' असं नाही, तर 'हे ऐकून मला असं का झालं' हे. त्याचं उत्तर तुमच्याकडे असतं, आणि तिथे आतला आवाज ऐकण्यात काही धोका नाही.

आणखी एका ठिकाणी तो ऐकायलाच हवा: रीडर कशी वागते ते जोखताना. माणसं ओळखण्याचा सराव आपल्याला लहानपणापासून असतो आणि त्यात चुकलं की त्याची शिक्षाही लगेच मिळते, त्यामुळे हा आवाज पत्त्यांविषयीच्या आवाजापेक्षा बराच तयार असतो. बोलणं ऐकून जीव घाबरा झाला, आणि त्या घाबरण्यापाठोपाठ पैशाचा विषय निघाला, तर तिथेच थांबा. 'कुणीतरी तुमच्यावर काहीतरी केलंय', 'अकरा दिवसांत उपाय केला नाही तर घरातल्या कर्त्या माणसाला धोका', 'हे कुणालाही सांगू नका' ही वाक्यं पत्त्यांत नसतात.

भीतीदायक पत्ते निघण्याचं गणितही सांगून ठेवते. डेथ, टॉवर, डेव्हिल, तीन तलवारी आरपार खुपसलेलं हृदय दाखवणारा थ्री ऑफ स्वोर्ड्स, आणि पाठीत दहा तलवारी रोवलेल्या माणसाचा टेन ऑफ स्वोर्ड्स, हे पाच पत्ते पाहून बहुतेकांच्या काळजात धस्स होतं. दहा पत्त्यांचा 'केल्टिक क्रॉस' मांडला, तर या पाचांतला किमान एक निघण्याची शक्यता 50 टक्क्यांहून थोडी जास्तच आहे. दर दुसऱ्या माणसाच्या मांडणीत घाबरवायला एक पत्ता तयार असतो. टॅरोच्या परंपरेत डेथचा अर्थही सहसा मरण असा लावत नाहीत. एक पर्व संपून दुसरं सुरू होणं असा लावतात. हे माहीत असूनही जी व्यक्ती तुम्हाला मरणाची भीती घालते, तिचं रीडिंग बरोबर आहे का हा प्रश्नच उरत नाही.

अलौकिक शक्तीचा दावा करून लोकांना फसवणं किंवा दहशत बसवणं याविरुद्ध महाराष्ट्रात 2013चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. उपायाच्या नावाखाली ऑनलाइन पैसे उकळले गेले असतील, तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन कराल तितकी ते पैसे पुढे जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त. चॅट, व्हॉइस नोट आणि व्यवहाराचे स्क्रीनशॉट पुसू नका. आणि एकाच प्रश्नासाठी रात्री दोन दोन वाजेपर्यंत एकामागून एक रीडिंग लावली जात असतील, मनासारखा पत्ता येईपर्यंत झोप लागत नसेल, तर तो प्रश्न पत्त्यांच्या हातातला राहिलेला नाही. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते, फोन मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं.